एका हाकेवर दोन जोड्या

चौदाव्या वर्षी माझं वजन एक मण होतं आणि त्या वजनामुळेच मी शंकरपटात उतरलो. हुशारी, धाडस वगैरे लोकांनी मला नंतर चिकटवलं. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. मैदानात सरळ आखलेल्या दोन वाटा, प्रत्येक वाटेवर एक जोडी, जोडीमागे अगदी हलकी छकडी आणि तिच्यावर एकटा हाकणारा. त्याला धुरकरी म्हणत. मोठ्या गटात पुऱ्या वाढीचे बैल पळत. लहान गटात गोऱ्हे, म्हणजे ज्यांचे दात अजून पुरते आलेले नाहीत असे. गोऱ्ह्यांमागे जड माणूस चालत नसे, म्हणून लहान गटाचे धुरकरी बहुतेक माझ्याच वयाचे असत.

आमचा तांडा फुलसावंगीपासून कोसभर. कधीकाळी आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडली होती. माझ्या बापाच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, आली ती मुरमाड जमीन. बा तिच्यात जवारी आणि कपाशी पेरायचा आणि दिवसभरात दहा वाक्यंही बोलायचा नाही. घरात आम्ही गोरबोली बोलत असू, गावात गेलं की वऱ्हाडी.

छप्पन्नची दिवाळी नुकतीच झाली होती. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातला, असं गावात सगळे बोलत होते. त्याच दिवसांत एकदा मी बाजारातून गाडी घेऊन एकटा परतत होतो. समोरून एक मालमोटार आली, तिनं भोंगा वाजवला आणि आमचे बैल उधळले. मी गाडीच्या दांड्यांवर उभा राहिलो आणि घरच्या बोलीत त्यांच्याशी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. बैल शेतभर पळाले आणि मग आपोआप थांबले.

ज्या शेतात ते थांबले ते गावातल्या एका विधवा बाईचं होतं. सगळं गाव तिला काकी म्हणायचं. नवरा गेल्यापासून शेती तीच पाहायची. नवऱ्याला पटाचा भारी नाद, आणि त्यानं जाताना मागे ठेवलेली दोन वासरं आता गोऱ्हे झाली होती, एक तांबडा आणि एक भुरा. काकी बांधावर उभी होती. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती तुरीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांड्यावर आली आणि आमच्या दारातल्या दगडावर बसली.

"तुमचं पोरगं मले पाह्यजे," ती याडीला म्हणाली. याडी म्हणजे माझी आई.

"कायले?"

"माया गोऱ्ह्यायमागं बसाले. पटात."

याडीचे हात पिठात होते. ती तशीच बाहेर आली. "आन् पडला तं? हातपाय मोडला तं?"

"पडन कधी कधी," काकी म्हणाली. "खोटं कायले सांगू? पण मी आर लावू देनार नाई. माया गोऱ्ह्यायले कोणी टोचत नाई. टोचलं म्हणजे बैल भेते, आन् भेलेला बैल कुठंबी घुसते."

आर म्हणजे तुतारीच्या, हाकायच्या काठीच्या टोकाला ठोकलेला खिळा. पटात त्याच्याशिवाय कोणी उतरत नसे. बा इतका वेळ खाटेची दोरी आवळत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "आपले लोक बैलासंगं चालत गेले. बैलायले पळवत कोणी गेलं नाई."

काकी उठली. "चालवून पाह्य भाऊ पयले. पळवणं मंग पाहू."

बा का तयार झाला ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या आठवड्यापासून मी रोज पहाटे काकीच्या गोठ्यावर जाऊ लागलो. ती गोऱ्ह्यांना सरकी आणि ढेप स्वतःच्या हातानं चारायची. मग मी त्यांना पैनगंगेच्या वाळूत न्यायचो आणि रिकामी छकडी जुंपून आधी चालवायचो, मग थोडं पळवायचो. वाळूत पाय रुततात, त्यानं मांड्या भरतात. सूर्य वर आला की शाळा. हीसुद्धा काकीचीच अट होती.

पहिला पट महागावला झाला, संक्रांतीनंतर. झेंडी पडली आणि माझ्या शेजारची जोडी बाणासारखी सुटली. लोकांच्या ओरडण्यानं माझ्या कानात दडे बसले. मी कासरा दोन्ही हातांनी घट्ट ओढला, आणि एकाच बाजूनं ओढला. गोऱ्हे जिकडे ओढलं तिकडे वळले. वाट सोडून, बसलेल्या माणसांना उठवत, ते थेट भज्यांच्या दुकानात गेले. तांबड्यानं पिठाच्या घमेल्यात पाय घातला आणि दुकानवाला चुलीमागून मला शिव्या देत राहिला. मैदान हसून हसून लोळलं. मी छकडीवरून उतरलोच नाही. उतरलो तर लोकांना माझं तोंड दिसेल असं वाटत होतं.

काकी मैदानाच्या टोकाला आपल्या गाडीत बसली होती. मी गेलो तेव्हा ती गोऱ्ह्याच्या पायावरचं पीठ ओल्या फडक्यानं पुसू लागली.

"गोऱ्हे चुकले नाई," ती म्हणाली. "तू भेला. कासऱ्यातून त्यायले समजलं. कासरा म्हणजे तुया हात नाई, तुया जीव धरते ते."

"मंग मी नको का येऊ?"

"उद्या सकायी नाई आला तं मी तांड्यावर येईन, येवढं ध्यानात ठेव."

दुसऱ्या हंगामात आम्ही तीन गावचे लहान गट मारले. एका ठिकाणी फेटा मिळाला, एका ठिकाणी पितळी घागर, एका ठिकाणी नारळ आणि खूप टाळ्या. वर्गात मुलं मला मागच्या बाकावरून पुढे बसवू लागली. मास्तरही एकदा फळ्याकडे तोंड करून हळूच म्हणाले, "तांबडा उजवीकडे जुंपतो का डावीकडे?" त्या दिवसांचं सुख वेगळंच होतं. पहाटेची थंड वाळू, गोऱ्ह्यांच्या नाकातून निघणारी वाफ, आणि पळता पळता एक क्षण असा येई की छकडीची चाकं जमिनीला लागतच नाहीत असं वाटे. इतक्या वर्षांनंतर ते सगळं लिहिताना माझे तळहात अजून शिवशिवतात.

तिसऱ्या वर्षी नेरच्या मोठ्या पटाचं बोलावणं आलं. फुलसावंगीहून नेर म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. गोऱ्ह्यांना मोटारीत घालायला काकी तयार नव्हती. चालत न्यायचे, तर पाच दिवस लागणार आणि वाट कोणालाच नीट ठाऊक नव्हती. तेव्हा बा पहिल्यांदा काकीच्या अंगणात आला आणि म्हणाला, "मी येतो. मले माहीत हाय."

"तू गेलता का कधी?"

"मी नाई. पण बा सांगे, त्याचा बा सांगे. पाणी कुठं, चढण कुठं, सारं."

त्या पाच दिवसांत मला माझा बाप नव्यानं दिसला. पुसद, दिग्रस, दारव्हा. डांबरी रस्ता सोडून तो कुठे तरी आडवाटेनं वळायचा आणि तिथे खरोखरच झरा निघायचा. एका आंब्याच्या झाडाखाली गाडी सोडून तो म्हणाला, "इथं आपले लोक थांबत." झाड फार जुनं होतं. गोऱ्हे गाडीमागे बांधलेले, छकडी गाडीत लादलेली, काकी पोत्यांवर बसून तांदूळ निवडतेय, आणि घरी गप्प गप्प असणारा बा पुढे चालत गोरबोलीत गुणगुणतोय. मी काही बोललो नाही. बोललो तर तो थांबेल असं वाटलं. चढ आला की तो मागे वळून म्हणायचा, "चाल रे छोरा," आणि ते मला म्हणाला की गोऱ्ह्याला, ते कळायचं नाही.

नेरला विहिरीवर गोऱ्ह्यांना पाणी पाजताना एक मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. माझ्याहून वीतभर बुटका, अंगात फाटकी बंडी. झरी जामणीकडच्या जंगलातल्या कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा होता. एका लाकडाच्या ठेकेदाराची जोडी हाकायला त्याला आणलं होतं.

"तुये गोऱ्हे भेले नाई कधी," तो म्हणाला. "पाणी पिताना कान कसे खाली हायत, पाह्य."

"आन् तुये?"

त्यानं आपली तुतारी दाखवली. टोकाला एकाऐवजी दोन खिळे होते. "मालकानं ठोकले. पण आज मी मारत नाई. आवाज देतो."

"आवाजानं पयते का कुठं?"

"पाह्यजो," तो म्हणाला आणि हसला. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते.

दिवसभर जोड्या गळत गेल्या आणि उन्हं कलताना लहान गटात शेवटी आम्ही दोघं उरलो. झेंडी पडली. अर्ध्या वाटेपर्यंत त्याची जोडी अर्ध्या बैलानं पुढे होती. तुतारी त्यानं छकडीच्या फळीखाली खोचून ठेवलेली मला दिसली. मग त्यानं हाक दिली. पोटातून निघालेली, लांब, वर चढत जाणारी आणि शेवटी एकदम तुटणारी. जंगलात पांगलेली गुरं बोलवायची असावी तशी. त्याचे गोऱ्हे ताणले गेले. आणि त्याच क्षणी माझ्या हातातला कासरा हलला. तांबडा आणि भुरा त्या हाकेवर असे सुटले, की मी त्यांना तसं पळताना कधी पाहिलंच नव्हतं. मी काही केलं नाही. मी नुसता बसलो होतो. रेघ ओलांडली तेव्हा आम्ही मानेएवढे पुढे होतो.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. कोणीतरी डोक्याला फेटा गुंडाळला. त्या उंचीवरून मला ठेकेदार दिसला. तो त्या मुलाच्या हातातून कासरा हिसकावून घेत होता.

"तुतारी कायले देली होती तुले? पुजाले?"

"गोऱ्हे चांगले पयाले मालक," तो मुलगा म्हणाला.

"हरले ना! उतर खाली. उद्यापासून तोंड दाखवू नको."

तो उतरला. छकडीवरचं आपलं कांबळं त्यानं घडी करून खांद्यावर टाकलं आणि यवतमाळच्या रस्त्याकडे निघाला. जाताना माझ्याजवळून गेला. मी आता खाली उतरलो होतो, फेटा डोक्यावरच होता. तो थांबला आणि म्हणाला, "पाह्यलं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता, जसं एखादी गंमत दाखवून विचारावं. मला 'हो' म्हणायचं होतं. ठेकेदाराला, सगळ्या मैदानाला सांगायचं होतं की ही शर्यत यानंच जिंकून दिली. मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा तो गर्दीच्या पलीकडे गेला होता.

परतीच्या वाटेवर मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी दारव्ह्याजवळ अडाण नदीत गोऱ्ह्यांना धूत होतो, काकी काठावर लुगडं वाळत घालत होती. तिथे मी सांगून टाकलं. हाक त्याची होती. मी काही केलं नाही. आणि त्याला काढलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही.

काकीनं लुगड्याची घडी सारखी केली. "मले माहीत हाय. मी रेघेजवळच गाडीत होतो नं. तू कवा सांगतं, तेच पाहून राह्यलो होतो."

आमच्याकडच्या कितीतरी बायका स्वतःबद्दल असंच 'होतो' म्हणतात. काकीच्या तोंडून ते मला फार आवडायचं. त्या दिवशी मात्र मी पाण्यात उभा राहून रडलो. बा पलीकडे बैलांचं जू पुसत होता. त्यानं सगळं ऐकलं.

त्या पावसाळ्यात मी वाढलो. कपाशीला डवरे, म्हणजे कोळपे, चालू होते तेव्हा माझी बंडी दंडावर उसवली, आणि दिवाळीत कापूस तोलायच्या काट्यावर मी सहज उभा राहिलो तर वजन दीड मणाच्या पुढे. गोऱ्हेही आता बैल झाले होते, मोठ्या गटाचे. मला वाटलं, बरंच झालं, आम्ही तिघंही एकदमच मोठे झालो. काकीनं काटा पाहिला आणि ती बाच्याकडे वळली.

"भाऊ, ते झरीकडलं पोरगं सापडन का?"

बा आठ दिवसांनी परत आला. सोबत तो होता, तेच कांबळं खांद्यावर. काकीनं त्याला गोठ्याशेजारची खोली दिली आणि कासरा दिला. तिनं मला समोर बसवून सांगितलं, "तू जड झाला बापू. पुऱ्या बैलायच्या पटात येक येक शेर मोजते. मले तुया राग नाई, तुले माया राग आला तं येऊ दे." मी उठून निघून गेलो.

आठ दिवस गोठ्यावर पाय ठेवला नाही. सकाळी डोळे आपोआप उघडायचे आणि मी पडून राहायचो. नवव्या दिवशी बा खाटेशी आला.

"मी त्याच्या पोडावर गेलतो तवा त्यानं येकच इचारलं," बा म्हणाला. "तो धुरकरी तिथं हाय का? मी हो म्हटलं, तवा तो उठला. नाईतं येत नव्हता."

बानं एवढं बोलून विळा उचलला आणि तो शेतावर गेला. मी थोडा वेळ पडून राहिलो. मग वाळूकडे गेलो.

तो छकडी घेऊन उभा होता आणि तांबडा त्याला पुढे पाऊल टाकू देत नव्हता. "शेपटीले हात नको लावू," मी लांबूनच ओरडलो. "त्याले आवडत नाई. आन् भुऱ्याशी बोलत राह्य. गप्प बसलं तं तो मागं पाह्यते." तो हसला. पुढचे दोन महिने आम्ही एकत्र काढले. मी त्याला दोन्ही बैलांच्या सगळ्या खोडी सांगितल्या. त्यानं मला ती हाक शिकवायचा खूप प्रयत्न केला. माझ्या गळ्यातून ती कधीच निघाली नाही. मी ओरडलो की बैल माझ्याकडे मान वळवून बघायचे आणि तो वाळूत गडबडा लोळायचा.

मोठ्या गटाचा पट त्या वर्षी पुसदला होता. सुटायच्या जागी बैल आवरून धरायला दोन भक्कम माणसं लागतात. एक बा, एक मी. वेसण धरून आम्ही त्यांच्या तोंडासमोर उभे राहिलो, झेंडी पडली तसे उडी मारून बाजूला झालो. तिथून शेवटची रेघ दिसत नाही. दिसते फक्त धूळ. पहिल्या तीन वेळा जिंकल्याचा निरोप आला. चौथ्या वेळी, शेवटच्या फेरीला, धुळीतून हाक ऐकू आली, मग गर्दीचा मोठा गलका झाला, आणि निरोप काही येईना. मी मैदानाच्या कडेनं धावत सुटलो. वाटेत भेटलेला एक जण म्हणाला भुऱ्याची जोडी मागे पडली, दुसरा म्हणाला बरोबरीत सुटली, तिसऱ्यानं नुसते हात हवेत उडवले.

टोकाला पोचलो तर गर्दीत मधोमध काकी उभी. बायका मैदानात उतरत नसत; तीही तोवर कायम गाडीतच बसलेली. आता ती शेकडो माणसांत तांबड्याची वेसण धरून उभी होती, डोक्यावरचा पदर घसरलेला, आणि तो मुलगा छकडीवर बसून तिच्याकडे बघत होता.

"काकी, काय झालं?"

"आलो," ती म्हणाली. "पयले आलो रे." आणि माझा हात ओढून तिनं तो बैलाच्या मानेवर ठेवला. मान ओली आणि गरम होती, आतली शीर धडधडत होती. खरं सांगतो, माझ्या मनात कुठे तरी एक टोचणी होतीच, छकडीवर मी असायला हवा होतो म्हणून. पण हातातली धडधड त्याहून मोठी होती.

आणखी दोन हंगाम ती जोडी पळाली. मग काकीनं स्वतःच ठरवलं, आता पुरे, आणि बैल नांगराला लावले. तो पोडावर परत गेला आणि जंगलखात्याच्या कामावर लागला. मी कापसाच्या मालमोटारीवर आधी क्लीनर झालो, मग ड्रायव्हर. याडी म्हणायची, याला बसून हाकायचीच सवय लागली.

साठ साल सरून पाच-सहा वर्षं झाली असतील. झरी जामणीकडे सागवान भरायला मला पाठवलं. विचारत विचारत त्याच्या पोडावर गेलो. तो अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होता. दोन मुलं झाली होती. त्याच्या बायकोनं जवारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. जेवताना त्यानं विचारलं, "बैल?"

"तांबडा गेला. या पावसाळ्यात. भुरा हाय."

त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "भुऱ्याले एकट्याले नका बांधू. दुसरं काही तरी शेजारी बांधा. गाय बांधा."

मी म्हटलं, काकीनं गायच बांधली आहे. तेव्हा तो पुन्हा जेवू लागला.

निघताना तो मालमोटारीत माझ्या शेजारी येऊन बसला. कधी बसलो नाही म्हणाला, पाहू तरी. मी गाडी हळू काढली. तो समोरच्या काचेतून रस्त्याकडे टक लावून बघत होता, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. नाला ओलांडला तसा म्हणाला, "इथं उतरव. पुढं मंग जंगल सुरू होते, तुले थांबता येत नाई." तिथून त्याला घरी चालत जायला कोसभर वाट होती. तो उतरला, दार लावायचं कसं ते त्याला कळेना, मी वाकून लावून घेतलं. मग तो नाल्यातल्या दगडांवर पाय देत परत पलीकडे, पोडाच्या वाटेला गेला.